काहिलीपासून छापखान्यापर्यंत: कोल्हापुरात पहिलं पुस्तक लिहिणाऱ्यांसाठी

वाचनालयात भेटणारी नवी मुलं-मुली मला हमखास विचारतात, "पुस्तक लिहायचंय, सुरुवात कुठनं करू?" मी त्यांना उलटा प्रश्न टाकते. तुमच्या घरापासून चालत किंवा फार तर एका एसटीनं जाता येईल अशा ठिकाणी असं काय आहे, ज्याबद्दल तुम्हाला चार लोकांपेक्षा थोडं जास्त माहीत आहे? कुणी तालमीचं नाव घेतं, कुणाच्या घरात तीन पिढ्या चपला शिवल्या जातात, कुणाची आई मार्केट यार्डात हमालांना चहा पोचवते. विषय तिथेच असतो. लांबचं लिहायला पुढं आयुष्य पडलंय. पहिलं पुस्तक मात्र जवळचं असावं, कारण चूक झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन विचारता येतं.

माझं पहिलं पुस्तक गुऱ्हाळावर होतं. खाली जे सांगतेय त्यातली उदाहरणं म्हणून तिथलीच आहेत. तुम्ही आपापल्या विषयाची नावं त्या जागी घाला.

पहिलं काम: विषय बारीक करा

"कोल्हापूरचा गूळ" हा पहिल्या पुस्तकाचा विषय होत नाही. त्यात ऊस येतो, शाहूपुरीची बाजारपेठ येते, भाव येतात, साखर कारखाने येतात, २०१४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन येतं आणि लिहिणारा त्यात बुडतो. "एक गुऱ्हाळ, एक हंगाम" हा विषय होतो. तसंच "कोल्हापूरची कुस्ती" नको, "आमच्या पेठेतल्या एका तालमीचा हौदा आणि तिथले वस्ताद" घ्या. "कोल्हापुरी चप्पल" नको, तिचा फक्त कापशी हा एक प्रकार घ्या.

मग एका कागदावर एकच प्रश्न लिहून भिंतीला लावा. माझा प्रश्न होता: चारी बाजूंनी साखर कारखाने असताना हे गुऱ्हाळ अजून का पेटतं? दोन वर्षांत मी जे जे जमवलं त्यातलं निम्मं या प्रश्नाच्या कामाचं नव्हतं. उसाच्या जातींवरचं पूर्ण प्रकरण मी काढून टाकलं. वाईट वाटलं, पण पुस्तक त्यानंतरच उभं राहिलं.

दुसरं काम: माणसांकडं जा

आधी वाचन करावं की आधी माणसं भेटावीत, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत ठाम आहे. आधी माणसं. कागद कपाटात थांबतात, माणसं थांबत नाहीत.

हे मी किंमत मोजून शिकले. एका म्हाताऱ्या गुळव्यांनी, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या कारागिरांनी, मला दोन तास सांगितलं होतं, बैलांच्या घाण्यापासून इंजिनापर्यंत सगळं. मी ते मोबाइलवर घेतलं आणि उतरवायचं राहून गेलं. फोन बिघडला, आवाज गेला. पुढच्या हंगामात गेले तेव्हा ते हयात नव्हते. तेव्हापासून नियम एकच: आज ऐकलेलं आज रात्री उतरवायचं, जेवण उशिरा झालं तरी चालेल. आवाज घेताना सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं म्हणा. फाइल त्याच दिवशी दुसरीकडं उतरवा.

जायची वेळ महत्त्वाची. गुऱ्हाळात पाक येत आला की गुळव्याला काही विचारू नये. त्याची नजर काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर असते, तो थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो आणि त्या अर्ध्या मिनिटावर सगळी काहील अवलंबून असते. काहील वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या उथळ जागेत ओतली, पुढचा रस चढला, की माणूस बसतो, पाणी पितो. बोलायची वेळ ती. प्रत्येक धंद्यात असा वेळ असतो. तालमीत तो मेहनतीनंतर खुराकाच्या वेळी असतो, चप्पल शिवणाऱ्या घरात दुपारी. तो ओळखायला दोन-तीन फेऱ्या नुसत्या जातात. जाऊ द्या.

पहिल्या दोन्ही वेळा मी वही उघडून बसले होते आणि मला "व्हय" आणि "न्हाई" एवढीच उत्तरं मिळाली. तिसऱ्या वेळी वही पिशवीतच ठेवली, वाळत घातलेली चिपाडं गोळा करायला हात लावला, आणि गुळवेमामा आपणहून बोलायला लागले. प्रश्न लहान विचारा. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की माणूस भाषण करतो. "भेंडीचं पाणी एका काहिलीला किती घालता?" म्हटलं की तो रस निवळण्यापासून मळी काढण्यापर्यंत सगळं सांगतो. त्यातच त्याचा बापही येतो, कर्जही येतं आणि पोरानं शहरात धरलेली नोकरीही येते.

शब्द जसा ऐकला तसा टिपा. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडं "गुळाची ढेप" लिहिलं होतं. ती पानं मी गुऱ्हाळावर वाचून दाखवली, तेव्हा गुळव्यांची सून म्हणाली, "ढेप कोण म्हणतंय हितं? आमी रवा म्हणतो." सगळ्या ढेपी बदलल्या. काहील, चुलवाण (काहिलीखालची भट्टी), वाफा, मळी, काकवी, रवा या शब्दांची एक वेगळी यादी मी ठेवली. प्रत्येकासमोर तो कुणी कुठं वापरला, हे लिहिलं. अशी यादी झाली की मोल्सवर्थचा शब्दकोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडा. दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ सालची आहे. आज गुऱ्हाळात ऐकलेला शब्द तिथं भेटला की त्याचं वय कळतं. भेटला नाही, तर तुमच्या पुस्तकाची किंमत वाढली.

परवानगीचं थोडक्यात सांगते. नाव छापायचं असेल तर साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या. मजुरी, उचल, घरातली भांडणं, जात यांबद्दल कुणी विश्वासानं काही बोललं, तर छापण्याआधी त्याला तो मजकूर वाचून दाखवा. "हे नको लिहू बाई" म्हटलं, तर लिहायचं नाही. पुस्तक छापून झाल्यावर तुम्ही घरी जाता, त्या माणसाला त्याच गावात राहायचं असतं.

बोली किती ठेवायची

कोल्हापूरवर लिहिणाऱ्या नव्या लेखकांचा पाय इथं सर्वांत जास्त घसरतो. पहिली चूक, बोली "सुधारणं". आमच्याकडं कित्येक बायका "मी जातो", "मी आलो" असंच म्हणतात. माझी आजी जन्मभर तसंच बोलली. उतरवताना त्याचं "मी जाते" केलंत, तर बाई बदलली. "काय करायलाईस?" चं "काय करत आहेस?" केलंत, तर गावही बदललं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. प्रत्येक पात्राच्या तोंडी "नाद खुळा" आणि "लई भारी" घातलं की कागदावर सिनेमातलं कोल्हापूर उभं राहतं. खरा माणूस दिवसातनं असं किती वेळा बोलतो, ते मोजून बघा. माझा उपाय असा: संवादात बोली, निवेदन प्रमाण भाषेत, आणि बोलीतला एक शब्द एकदा जसा लिहिला तसाच शेवटपर्यंत. "न्हाई" लिहिलं तर पन्नास पानांनी "नाय" येऊ द्यायचं नाही. प्रमाण भाषेसाठी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे. एक रविवार काढून ते वाचा. ऱ्हस्व-दीर्घाचे निम्मे घोळ तिथंच मिटतात.

तिसरं काम: कागद

कोल्हापुरात जी चांगली गोष्ट दिसेल ती "शाहू महाराजांनी केली" असं सांगणारी माणसं पावलोपावली भेटतात. भावना खरी असते, साल बऱ्याचदा नसतं. महाराजांचा राज्यकाल १८९४ ते १९२२. शाहूपुरीची पेठ १८९५ ची आणि खासबाग मैदान १९१२ चं, म्हणजे हे त्या काळात बसतं. एखादी गोष्ट १९३० ची निघाली, तर ती राजाराम महाराजांच्या काळातली. "संस्थान असताना" असं कुणी म्हटलं, तर ते १ मार्च १९४९ च्या आधीचं, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. या चार-पाच तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, पण दुष्काळ आणि पूर आठवतात. "हे इंजिन दुष्काळाआधी बसवलं की नंतर?" म्हटलं, की १९७२ च्या अलीकडं-पलीकडं उत्तर येतं. अलीकडच्या गोष्टींना २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर कामाला येतात. घरातल्या लग्नांच्या तारखाही उपयोगी पडतात. पत्रिका बहुतेक घरांत जपून ठेवलेल्या असतात.

पुस्तकांसाठी पहिली जागा करवीर नगर वाचन मंदिर. १८५० साली सुरू झालेलं हे वाचनालय आहे. तिथल्या जाणत्या माणसाला आपला विषय सांगा, तुम्हाला ठाऊकही नसलेलं पुस्तक तो काढून देतो. दुसरी जागा शिवाजी विद्यापीठातलं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. तुमच्या विषयावर कुणी पीएचडी केली आहे का, हे जायच्या आधी 'शोधगंगा' या संकेतस्थळावर बघून घ्या. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे आयती वाट असते. जुन्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाचा, कोल्हापूरचा खंड १८८६ चा, नव्याचा १९६० चा. दोन्हींत एकच गोष्ट शोधून शेजारी शेजारी ठेवली, की मधल्या पाऊणशे वर्षांत काय बदललं ते दिसतं.

मूळ कागदांसाठी राज्य शासनाचं कोल्हापूर पुरालेखागार आहे. ओळखपत्र आणि संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज घेऊन जा, सोबत पेन्सिल न्या. रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, उघडला की बहुतेक कागद मोडीत असतात. घाबरू नका. कोल्हापुरात मोडीचे वर्ग नेमानं भरतात, आणि रोज एक पान वाचलं तर काही महिन्यांत नावं, गावं, आकडे उलगडायला लागतात. तोवर जाणकाराला मेहनताना देऊन वाचून घ्या. अशी कामं फुकट मागू नयेत.

कागदावरच्या सालाचा घोळ मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तारखांना ७९. जुन्या कागदांत फसली आणि सुहूर अशी आणखी दोन सालं भेटतात. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे, सुहूर सनात ५९९ किंवा ६००. ही दोन्ही सालं मृग नक्षत्राला बदलतात, म्हणून दोन आकडे. मी एका कागदावरचं फसली साल शक समजून चालले होते आणि एका माणसाला त्याच्या पणजोबापेक्षा म्हातारं करून ठेवलं होतं. प्रूफ वाचणाऱ्या मैत्रिणीनं पकडलं.

प्रत्येक माहितीची वेगळी चिठ्ठी करा. वर मुद्दा, खाली कुठं मिळालं, पान कितवं, कधी बघितलं. "नंतर शोधू" म्हटलेलं पान नंतर सापडत नाही. आणि महत्त्वाची गोष्ट दोन जागी जुळल्याशिवाय ठामपणे लिहू नका. एकाच माणसाकडून कळली असेल तर "असं अमुक सांगतात" असंच लिहा. त्यानं लेखन दुबळं होत नाही.

कागदांच्या बाबतीत एक कोल्हापुरी सूचना. वह्या, चिठ्ठ्या, फोटो खालच्या मजल्यावर ठेवायचेच झाले, तर माळ्यावर ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी वाढतंय अशी बातमी आली की मी सगळ्यात आधी माझ्या कागदांच्या दोन पेट्या वर नेते.

चौथं काम: लिहिणं

यावर फार सांगण्यासारखं नाही, कारण ते बसून करायचं काम आहे. दोनच गोष्टी सांगते. पहिलं प्रकरण अंबाबाई, पंचगंगा आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापासून सुरू करू नका. वाचणाऱ्याला कोल्हापूर ठाऊक आहे. जिथं काम चाललंय तिथं त्याला थेट नेऊन उभं करा. माझी पहिली तीस पानं अशी प्रस्तावनेतच गेली होती. ती काढल्यावर पुस्तक पहाटेच्या चुलवाणापाशी सुरू झालं. दुसरं, प्रत्येक प्रकरण मोठ्यानं वाचा, जमलं तर त्या विषयातल्याच माणसासमोर. वाक्य कुठं अडतं ते आपल्या जिभेला कळतं, माहिती कुठं चुकते ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

लांबीचा अंदाज हवा असेल तर डेमी, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. चाळीस हजार शब्दांचं पुस्तक दीडशे-एकशे साठ पानांचं होतं. पहिल्या पुस्तकाला तेवढं पुरे.

पाचवं काम: पुस्तकाआधी अंक

हस्तलिखित पुरं झालं की लगेच प्रकाशक शोधू नका. एखादं प्रकरण दैनिकाच्या रविवार पुरवणीला द्या, एखादं दिवाळी अंकाला. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठीत नव्या लेखकाला वाचक मिळण्याची ही पक्की वाट आहे. बरेच संपादक उन्हाळ्यातच मजकूर जमवायला लागतात, म्हणून मे-जूनपर्यंत लेख पोचवा. गणपतीत पाठवलेला लेख बहुतेक वेळा पुढच्या वर्षावर जातो. एकच लेख एका वेळी दोन अंकांना देऊ नका. नकार आला किंवा ठरलेली मुदत उलटली, की तसं कळवून दुसरीकडं द्या. छापून आल्यावर वाचकांची पत्रं आणि फोन येतात, त्यातनं चुका कळतात आणि नवी माणसंही मिळतात. माझ्या एका लेखानंतर कागल तालुक्यातनं एका गुऱ्हाळमालकांचा फोन आला, आणि पुस्तकातलं सातवं प्रकरण त्यांच्याकडचं आहे.

सहावं काम: प्रकाशन

इथं जरा थांबून, सावकाश वाचा.

प्रकाशक पुस्तक स्वीकारतो तेव्हा कागद, छपाई, विक्री हा खर्च त्याचा असतो आणि लेखकाला मानधन मिळतं, साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. दुसरा प्रकार, लेखकच पैसे देतो आणि प्रकाशक नाव लावतो. त्यात गैर काही नाही, पण मग हिशेब उघडा हवा. माझ्याकडून एका प्रकाशकानं हजार प्रतींचे पैसे घेतले, तीनशे प्रती घरी पाठवल्या, आणि उरलेल्या सातशे छापल्या की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही. लेखी काहीच नव्हतं. "आपल्याच माणसांत कागद कशाला?" असं तेव्हा ते म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. तुम्ही डोलावू नका.

करारात एवढं हवंच: किती प्रती, कोणता कागद, किंमत कोण ठरवणार, मानधन किती आणि वर्षातनं कधी, हक्क किती वर्षांसाठी, आवृत्ती संपल्यावर किती महिन्यांत दुसरी काढायची, नाही काढली तर हक्क परत कधी. ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूनं बरंच बोलतो. हक्क लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडं जात नाहीत. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा.

हाच कायदा दुसऱ्याच्या मजकुरालाही लागू होतो. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. तुम्हाला त्यांचा पानभर मजकूर घ्यायचा असेल तर परवानगी लागते. कविता आणि गाण्यांच्या ओळींबाबत जास्त जपा.

स्वतःच छापायचं असेल तर फर्म्याचा हिशेब शिका. एक फर्मा सोळा पानांचा. एकशे साठ पानं म्हणजे बरोबर दहा फर्मे. एकशे त्रेसष्ट पानं झाली तर तीन पानांसाठी कागद वाया जातो, म्हणून ती तीन पानं कापा. प्रती आधी तीनशेच काढा. विक्रेत्याला तीस ते चाळीस टक्के सूट द्यावी लागते, किंमत ठरवताना ती आधीच धरा.

अक्षरजुळणीच्या वेळी डीटीपीवाल्यांना पहिल्याच दिवशी विचारा, युनिकोडमध्ये करणार की श्रीलिपी या वेगळ्या टंकात? तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि त्यांनी तो रूपांतरित केला, तर "गुऱ्हाळ"मधला ऱ्ह, "तऱ्हा", "ॲ", जोडाक्षरं हमखास मोडतात. माझ्या पुस्तकाचा विषयच गुऱ्हाळ, आणि पहिल्या प्रूफात तो शब्द एकाही पानावर धड नव्हता. तीन प्रुफं वाचाच. पहिलं तुम्ही, दुसरं शुद्धलेखन जाणणाऱ्या माणसानं, तिसरं पुन्हा तुम्ही, नुसते आकडे आणि नावं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन अर्जावर मिळतो, लेखकालाही, आणि तो फुकट आहे. त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. पुस्तक निघालं की १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. स्वतः छापलंत तर प्रकाशक तुम्हीच.

पैशाची अडचण असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. एकही पुस्तक नावावर नसलेल्यांसाठीच ती आहे. हस्तलिखित तपासून अनुदान ठरतं. कोणते साहित्यप्रकार बसतात ते त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. पुस्तक आल्यावर आपल्या दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेच्या पुरस्कारांसाठीही प्रती पाठवा. परीक्षकांपर्यंत पुस्तक पोचतं, हाच मोठा फायदा.

पहिल्या वीस प्रती कुणाला द्यायच्या ते छपाईआधी लिहून ठेवा, नाहीतर प्रकाशन समारंभाच्या गडबडीत त्या पाहुण्यांत जातात. ज्यांनी माहिती दिली त्यांना एकेक, घरी जाऊन. एक नगर वाचन मंदिराला, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, एक त्या गावच्या वाचनालयाला. आणि एक स्वतःजवळ ठेवा, समासात चुका टिपायला. माझ्या त्या प्रतीत आता सव्वीस लाल खुणा आहेत. शेवटची मागच्या महिन्यातली: एकाहत्तराव्या पानावर एक "ढेप" अजून शिल्लक राहिली आहे.